कोंबडीची साखर आणि आबांचा अंगठा

आमच्या रावपुऱ्यातल्या घरात खंडोबाची पूजा होऊन कपाळाला भंडारा लागेपर्यंत उंबऱ्याबाहेर काही जायचं नाही. घरचं माणूस नाही, घरातली वस्तू नाही. आबा, म्हणजे माझे वडील, महाराजांच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले. तिथली शिस्त त्यांनी देवालाही लावली होती. पूजा अशी सावकाश चालायची की कॉलेजातला माझा पहिला तास हमखास बुडायचा. सायन्सच्या वर्गात आधीच मुली नावापुरत्या, त्यात मी रोज उशिरा. पण आबांपुढे बोलायची टाप कुणाची होती?

त्या उन्हाळ्यात नवा जोडा चावून आबांच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काही भरेना. डॉक्टर म्हणाले, रक्तात साखर वाढली असेल तर इन्सुलिनची सुई रोज घ्यावी लागेल, नाहीतर पाय हातचा जाईल. साखर ठीक असेल तर मलमावर भागेल.

"आधी साखर दाखवा," आबा म्हणाले. "मग सुईचं बघू."

मग कंपाउंडर दवाखान्यात जाता जाता भल्या सकाळी घरी येऊ लागला. आबांचं उपाशीपोटी रक्त काढायचा, ते गोठू नये म्हणून पूड घातलेल्या बाटलीत भरायचा आणि लवकर ने म्हणून मला त्याच्या गुजरातीत बजावायचा, "बेन, जल्दी लई जजो." साखर तपासणार होते आमच्या कॉलेजातले रसायनाचे सर, म्हणून नेणारी मी. जल्दी कसली डोंबलाची! रक्ताची बाटली देवघरात तर नेता येत नाही. ती ओसरीच्या खिडकीत उन्हात बसायची, आणि मी दारात भंडाऱ्याची वाट बघत. आरती संपली की टांग्यानं सयाजीगंजातलं कॉलेज गाठायचं.

साखर ठीक निघाली. पुन्हा नेली, पुन्हा ठीक.

"मल्हारी पाठीशी आहे," असं म्हणून आबांनी लहरीपुऱ्याहून जिलबी मागवली आणि आम्हा सगळ्यांना आग्रह करकरून वाढली. अंगठा मात्र काळा पडत चालला होता. साखर ठीक, मग हे काय गौडबंगाल? आई माझ्याकडे बघायची, जणू मला सायन्स येतं म्हणजे सगळं येतं. मला काही सुधरत नव्हतं, आणि त्या जिलबीचा भयंकर राग यायचा.

त्याच सुमारास सरांनी टेबलावर तीन बाटल्या मांडल्या होत्या. एकीत कोंबडीचं रक्त, एकीत बकऱ्याचं, एकीत त्यांचं स्वतःचं. सकाळी साखर मोजायची, बाटल्या तशाच ठेवायच्या आणि संध्याकाळी परत मोजायची. त्याआधी त्यांनी आम्हाला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं की कोंबडीच्या तांबड्या पेशीच्या मधोमध बी, म्हणजे केंद्रक, असते, आणि माणसाची पेशी मधून रिकामीच. मी मनाशी म्हटलं, बी असलेली ती जिवंत, तीच साखर फस्त करणार. रिकामी काय खाणार, कपाळ?

संध्याकाळी कोंबडीची साखर जवळपास होती तेवढीच. बकऱ्याचीही फारशी हलली नव्हती. सरांची मात्र पार उतरली होती. मला वाटलं, माझंच मोजमाप चुकलं. पुन्हा मोजलं, तरी तेच.

"असं उलटं कसं, सर?"

"का, ते मलाही नीट ठाऊक नाही," सर म्हणाले. "पण माणसाच्या पेशी बाटलीत पडल्या पडल्यासुद्धा साखर खातात, एवढं खरं." मग ते एकदम थांबले. "तुझ्या वडिलांची बाटली निघाल्याबरोबर आणतेस ना?"

"नाही सर, आरती संपेपर्यंत ती उन्हातच असते."

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. ते भडकतील असं वाटलं होतं, पण ते गोंधळले. "म्हणजे माझंच रक्त माझी साखर खातं? मग अंगात का खात नाही?"

"खातंच, आबा. पण अंगात नवी येत राहते. बाटलीत कुठून येणार?"

त्यांनी उद्या परत रक्त काढायला ये म्हणून कंपाउंडरला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर रक्त काढून गेला. आबांनी अंघोळ केली, सोवळं नेसले आणि दिवा न लावताच मला देवघराच्या दाराशी हाक मारली. सोवळ्यात मला शिवता येईना, म्हणून लांबूनच चिमूटभर भंडारा माझ्या कपाळावर उधळला. निम्मा डोळ्यांत गेला.

"पळ. देवाला मी समजावतो."

परत आले तर आबा तसेच पाटावर बसलेले. पूजा सुरूच केली नव्हती.

"किती?"

मी आकडा सांगितला. डॉक्टरांनी सांगितलेल्या हद्दीच्या कितीतरी वर होता.

"आणि त्या कोंबडीची?"

"जवळजवळ तुमच्याएवढीच. तिची कायमच तेवढी असते."

"तिचे पाय?"

"धडधाकट."

आबांनी देवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग माझाच पाय का गं?"

मला ठाऊक नव्हतं, सरांनाही नव्हतं. मला रडूच कोसळलं.

"अगं, रडतेस काय? बोलाव त्या कंपाउंडरला. सुई घेऊन ये म्हणावं."

पुढे अंगठा गेला, पाय राहिला. खंडोबापुढचा दिवा त्या दिवशी सुई टोचून झाल्यावर लागला.