उजवं मागचं चाक

भुताखेतांच्या बातम्या मी सत्तावीस वर्षं कापत आलो. डेस्कवर माझा नियम एकच — दोन साक्षीदार नसतील तर ओळ छापायची नाही. पुढच्या प्रसंगाला साक्षीदार एकच आहे, आणि तो मी नाही. तरीही लिहितोय.

माझ्या वडिलांचं घाटकोपर पश्चिमेला गॅरेज होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, कोणालातरी चाक फिरवायला सांगायचे... आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. चुकल्याचं मला आठवत नाही. हे कसब त्यांनी दिलीपला शिकवलं. तो त्यांच्याकडे एकोणीस वर्षं कामाला होता. मी जवळ गेलो की अण्णा म्हणत, "तुला काय करायचंय? तू पेपर वाच."

शेवटी गॅरेज त्यांनी दिलीपला दिलं. ते मला मान्य होतं. स्क्रूड्रायव्हरही त्यालाच दिला. ते नव्हतं.

अण्णांची गाडी मी वापरतो. ते गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, साठच्या पुढे गेलं की तिचा घूंऽऽ असा आवाज यायला लागला. डावीकडे वळताना वाढायचा. म्हणजे दोष उजव्या बाजूला — एवढं मलाही कळतं. गाडी मुद्दाम दिलीपकडे नेली नाही. अंधेरीत ऑफिसजवळच्या वर्कशॉपने पुढचं उजवं बेअरिंग बदललं. आवाज तसाच.

"संध्याकाळी चिपळूणला निघायचंय," रविवारी सकाळी बायको म्हणाली. "आता तरी दिलीपभाऊंकडे जा. भांडण नक्की कोणाशी आहे तुमचं, त्यांच्याशी का अण्णांशी?"

मुलुंडहून घाटकोपरला पोचेपर्यंत मनात एकच होतं... त्यालाही सापडू नये.

दिलीपने गाडी जॅकवर चढवली. "काय दादा, दुसऱ्याकडे जाऊन आलात ना? नट चकाचक दिसतायत." पुढचं नवं बेअरिंग आधी ऐकू म्हणाला. मी चाक फिरवलं. त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, काढला, परत लावला. मग माझ्याकडे बघितलं.

"बाब्या कोण, दादा?"

मी चाक थांबवलं.

"अण्णा बोलले आत्ता. बाब्याला सांग, उजवं मागचं. गाडी बाहेर काढू देऊ नको त्याला." त्याने स्क्रूड्रायव्हर कानापासून लांब धरला. "आईशपथ दादा, त्यांचाच आवाज."

बाब्या मी. सात वर्षांचा होईपर्यंत. आई गेली, त्यानंतर अण्णांनी ते नाव कधी घेतलं नाही. माझ्या बायकोलाही ते ठाऊक नव्हतं.

स्क्रूड्रायव्हर मी अक्षरशः हिसकावून घेतला. पाच वेळा ऐकलं. ग्रीसमध्ये फिरणाऱ्या नव्या गोळ्यांचा स्वच्छ आवाज. बाकी काही नाही.

मागचं उजवं उघडलं. गोळ्या जागेवर धरणारं कडं तुटून चार तुकडे झाले होते. "घाटात चाक जाम झालं असतं," दिलीप एवढंच म्हणाला.

ऑफिसात एकाला सांगितलं. तो म्हणाला, "मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो, मेकॅनिकला ते माहीत असतं. आणि नाव वडिलांनीच कधीतरी सांगितलं असेल ना त्याला." पटण्यासारखं आहे. फक्त मग दिलीपने "बाब्या कोण" असं का विचारलं, याचं उत्तर मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर, अण्णांनी ते नाव त्याच्याजवळ काढलं असेल, ही शक्यता मला त्या आवाजापेक्षा जास्त लागते.

दिलीपने स्क्रूड्रायव्हर देऊ केला. आठ दिवस घरी ठेवला, चारही चाकांना लावून पाहिला. मला फक्त चाकं ऐकू आली. परत करून टाकला.

गाडी आता ठीक आहे. तरी महिन्यातून एकदा मी गॅरेजवर जातो. दिलीप काही न विचारता जॅक लावतो. मी चाक फिरवतो, तो ऐकतो.

"काही?"

"नाही दादा. एकदम ओके."

निरोप माझा होता, दिला त्याला. त्यामुळे तो "नाही" म्हणाला, की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहतो... आणि दर वेळी मला वाटतं, आज त्याने काहीतरी ऐकलंय.