हात फिरवायला आणलेली गाडी

माझ्या थोरल्या भावाने जन्मात एकही इटालियन स्पोर्ट्स कार पाहिली नव्हती, पण त्यांतली सर्वांत सुंदर कोणती याबद्दल त्याचं मत पक्कं होतं. दादा डेंटर. आपटलेल्या गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणं हे काम त्याने चाळीस वर्षं केलं. नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टवाल्याने त्याला कधीतरी एक कॅलेंडर दिलं होतं. बारा महिने एकाच पानावर, वर एक लाल गाडी. वर्ष संपलं, पण कॅलेंडर भिंतीवरून उतरलं नाही. गॅरेजात कुणाला तारीख हवी असली तर तो शेजारच्या चहावाल्याकडे जायचा.

गाडी जुन्या काळातली होती. लांब नाक, गोल पाठ, नाकावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. पुढच्या चाकावरून निघालेली रेष दारावरून जाऊन मागच्या चाकावर चढायची, मध्ये कुठेही न अडखळता. "हे मशीनचं काम नाही," दादा सांगायचा. "लाकडी साच्यावर हातानं ठोकलेला पत्रा आहे हा. डावी बाजू उजवीपेक्षा सूतभर वेगळी असणार, लावतोस पैज?" पैज लावून उपयोग नव्हता, मोजायला इटलीला कोण जाणार? मी मासिकांतून नव्या इटालियन गाड्यांची चित्रं आणून दाखवायचो. जमिनीला चिकटलेल्या, सगळीकडे कोपरे, नाकावर बैल. दादा म्हणायचा, "कात्रीनं कापल्यात. चांगल्या आहेत. पण गाडी नव्हे, पतंग आहे."

त्याने स्वतः ठोकलेली एकमेव इटालियन गाडी म्हणजे आपल्याकडे टॅक्सी म्हणून चालायची ती. तीही मूळची तिकडचीच, हे तो पाहुण्यांना आवर्जून सांगायचा. पाहुणे विषय बदलायचे.

काम झालं की दादा पत्र्यावर हात फिरवायचा, तोही डोळे मिटून. डोळ्यांना रंग फसवतो, तळहाताला कुणी फसवत नाही, असं त्याचं म्हणणं. कुणी खड्डा ठोकून न काढता नुसती लांबी भरून, म्हणजे डेंटर-पेंटर लोक वापरतात ती पुट्टी थापून, वर रंग मारला असेल, तर दादाचा हात तिथे थांबायचा आणि त्या अज्ञात कारागिराचा उद्धार व्हायचा.

मग साखरेने त्याचे डोळे नेले. आधी एक, वर्षभराने दुसरा. गॅरेज बंद झालं, दादा माझ्या घरी राहायला आला आणि घराबाहेर पडायचाच बंद झाला. आठ महिने. खाली बाकावर बसायला चल म्हटलं तर म्हणायचा, "मला कुणी दिसत नाही. मग मी कुणाला दिसायला कशाला जाऊ?" तो खिडकीपाशी बसून दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, आणि मला भीती वाटत होती. हा माणूस आता याच खुर्चीत संपणार, असं मला रोज सकाळी वाटायचं.

त्याच सुमारास हिंजवडीच्या पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या ट्रॅक्टरचं मडगार्ड दादाने अनेकदा सरळ केलं होतं. जमीन आयटी पार्कात गेली, आता त्यांनी इटालियन स्पोर्ट्स कार घेतली होती आणि मिस्त्रींना, म्हणजे दादाला, ती दाखवायची होती. मी विचारलं, नाकावर काय आहे?

"बैल हाय," ते म्हणाले. "म्हनून तर घेतली."

म्हणजे कात्रीने कापलेली. मी आत गेलो आणि दादाला सांगितलं की कॅलेंडरवरची गाडी उद्या आपल्या दारात येतेय. गाडीच्या मालकांना मी फोनवर पढवून ठेवलं. ते म्हणाले, खोटं बोलायची सवय न्हाई, पण मिस्त्रींसाठी बघतो.

दादाने सकाळी सातलाच दाढी करून घेतली. गाडी अकराला आली आणि फाटकाबाहेरच थांबली. फाटकातला स्पीडब्रेकर तिच्या पोटाला लागत होता. तो स्पीडब्रेकर सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मीच भांडून घालून घेतला होता, नेहमीपेक्षा दोन इंच उंच. दादा माझा खांदा धरून तीन मजले उतरला आणि फाटकापर्यंत चालत गेला. मी देवाचे आभार मानत होतो आणि पुढच्या पाच मिनिटांचं काय करायचं याची चिंताही करत होतो.

दादाने तळहात गाडीवर ठेवला आणि सवयीने डोळे मिटले. हात मडगार्डवरून सरकला, एका धारेपाशी आला, थांबला. पुन्हा सरकला, पुन्हा धार. त्याने बोटाच्या पेराने ठोकलं. पत्र्याचा आवाज आला नाही.

"जुनी आहे?" त्याने विचारलं.

"लई जुनी," मालक माझ्याकडे बघत म्हणाले.

हात पुढे नाकाकडे गेला आणि चिन्हावर स्थिरावला. एका बोटाने दादा त्याची कड चाचपत राहिला. मी घसा खाकरला.

"घोडा ना?"

"घोडाच हाय की."

"मालक," दादा शांतपणे म्हणाला, "या घोड्याला शिंगं आहेत."

मालकांनी क्षणभर विचार केला. "तिकडं असत्यात," ते म्हणाले.

दादा हसला नाही. गाडीत बसवता का, एवढंच त्याने विचारलं. बसायचं म्हणजे जवळजवळ झोपायचंच होतं. मालकांनी त्याला चौकापर्यंत फिरवून आणलं. उतरल्यावर त्याने त्यांचे आभार मानले आणि म्हणाला, "आवाज छान आहे. बैलाला शोभतो." मालक खाली मान घालून निघून गेले.

आता तो वर जाऊन खुर्चीत बसणार आणि पुन्हा कधी उतरणार नाही, असं मला वाटलं. पण पार्किंगमध्ये तो थांबला. "आपली गाडी कुठे?"

मी त्याला आमच्या जुन्या गाडीपाशी नेलं. त्याने हात फिरवायला सुरुवात केली. मागच्या दारावर हात थांबला.

"इथे लांबी कुणी मारली?"

गेल्या दिवाळीत मी ती खांबाला घासली होती आणि हडपसरला एका डेंटरकडून गुपचूप करून घेतली होती. ते सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला दिसत नाही, दादा."

"मग?" तो म्हणाला. "मी काम डोळे मिटूनच करायचो. आठ महिने तुझ्या घरात बसलोय, तुला एकदाही आठवलं नाही?"

मला खरंच आठवलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

"हे खरवडून काढू. माझी हत्यारांची पेटी कुठेय?"

आता पुन्हा खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. पेटी त्याच हडपसरच्या डेंटरला देऊन टाकली होती. घरात अडगळ होत होती म्हणून. हे मी दादाच्या तोंडावर सांगितलं.

दादाने दारावरच्या लांबीवरून पुन्हा एकदा हात फिरवला.

"कॅलेंडर?"

"रद्दीत."

त्याने मान हलवली. मग माझ्या खांद्यासाठी हात पुढे केला.

"पेटी आजच परत आण," तो म्हणाला. "आणि रिक्षाने जा. गाडीला अजून एक खड्डा नको. मी इथेच बाकावर बसतो."