तातेरावांनी काढलेला चांद

चौऱ्याहत्तर साली मंठ्याच्या शाळेत कारकून म्हणून रुजू झालो आणि नोकरीच्या कागदांसाठी फोटो हवा म्हणून तातेरावांच्या स्टुडिओत गेलो. त्यांनी माझी हनुवटी धरली. जरा वर केली, जरा डावीकडे वळवली, मागे जाऊन बघितली, परत येऊन धरली. आत शिरलो तेव्हा मी विशीत होतो. बाहेर पडेन तो थेट पेन्शनीसाठी, अशी माझी खात्री झाली. बाहेर दोन हंगाम उलटले असतील, एखादं सरकारही पडलं असेल. तातेराव एवढंच म्हणत होते, "हालू न्हाई, सायेब."

फोटोत माझे देवीचे वण नव्हते, कपाळावरची खोक नव्हती, नाकाजवळचा तीळही नव्हता. आईनं तो बघून विचारलं, "मुलगा चांगला आहे. कुणाचा?"

हीच तातेरावांची कला. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं, निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि चेहऱ्यावरचा एकेक डाग बुजवत जायचं. पार वाटूर गावापर्यंतच्या कितीतरी मुलींची लग्नं त्या पेन्सिलीनं जमवली होती. एखादा नवरा तक्रार घेऊन आलाच, तर तातेराव शांतपणे सांगत, "फोटो बराबर हाय. तुमच्या घरात उजेड कमी पडून राह्यला."

त्यांची एकच इच्छा होती. शाळेच्या सगळ्या वर्गांचे ग्रुप फोटो काढायला दरवर्षी जालन्याहून माणूस यायचा. ते काम आपल्याला मिळावं. हेडमास्तरांनी अट घातली, "विज्ञान प्रदर्शनासाठी चंद्राचा ठसठशीत फोटो द्या. मग ग्रुप फोटो तुमचे."

विज्ञानाच्या रामकिसन सरांनी शाळेची दुर्बीण दिली. तातेरावांनी ती कॅमेऱ्याला सुतळीनं बांधली आणि घराच्या माळवदावर मांड ठोकली. पहिल्या संध्याकाळी, अंधारातलं काम म्हणून, त्यांनी शटर दहा आकडे मोजेपर्यंत उघडं ठेवलं. फोटोत उकडलेलं अंडं आलं.

रामकिसन सर म्हणाले, "अहो, तिथं भर दुपारचं ऊन आहे. उन्हातल्या माणसाचा काढता तसा काढा, झटकन."

दुसऱ्या संध्याकाळी झटकन काढला. पण चंद्राचा फोटो निघतोय म्हटल्यावर अख्खी गल्ली माळवदावर चढली होती. कोणी खोकला, की फोटोत चंद्राला जुळं व्हायचं. शेवटी त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, सगळ्यांना खाली हाकललं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी बी श्वास धरा. घोरल्यावानी श्वास घेता."

तिसऱ्या दिवशी पावसानं हवेतली धूळ बसली होती. अर्धा चंद्र तिन्हीसांजेलाच डोक्यावर आला होता. तातेरावांनी डोळा लावला आणि सवयीनं चंद्राला बजावलं, "हालू न्हाई."

निगेटिव्ह धुऊन उजेडात धरली तेव्हा रामकिसन सर तिला नाक टेकवून बघू लागले. खड्डे, डोंगर, काळे डाग, सगळं सुईच्या टोकानं कोरल्यासारखं स्पष्ट. "तातेराव, ग्रुप फोटो तुमचेच," ते म्हणाले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तातेराव इस्त्रीचा सदरा घालून ऑफिसात आले आणि फोटो हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. मी आणि रामकिसन सर शेजारीच बसलो होतो. काळ्या कागदावर अर्धी भाकरी होती. गोरी, गुळगुळीत, कुठंही करपलेली नाही.

"हे काय?" हेडमास्तर म्हणाले.

"चांद, सर."

"डाग कुठं गेले?"

"काढले ना. बिचाऱ्याला लईच वण होते. चार गावचे लोक बघणार, मंग तसाच कसा देऊ?"

रामकिसन सरांनी फोटो उचलून पालथा करून बघितला. "निगेटिव्ह तरी शाबूत आहे ना?"

"पेन्सिल निगेटिव्हवरच फिरवावी लागते, सर. दोन दिवस लागले. बिलकुल एक बी डाग न्हाई ठेवला."

हेडमास्तरांनी फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "चांगला दिसतोय."

"हा," तातेराव म्हणाले, "जरा पोरसवदा वाटून राह्यला आता."

दुसरा फोटो काढायचा तर आभाळ भरून आलं होतं. प्रदर्शनात चंद्राच्या जागी बेडकाचा सांगाडा ठेवला. त्या वर्षीचे ग्रुप फोटो जालन्याच्या माणसानं काढले, आणि पुढच्या वर्षीचेही.