आटे गेलेली पेटी

स्क्रू पिळायच्या आधी तात्या तो उलटा फिरवायचे. बारीक 'टक' आवाज आला की मगच सुलटा. "त्याची वाट त्याला घावू दे," म्हणायचे. "बळ केलं की आटं गेलं." तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल. त्याच्या हळूपणाचा आधी राग येतो, मग त्याच्याशेजारीच बसावंसं वाटतं.

नव्वदच्या दशकात बारामतीत मोटरी दुरुस्त करण्याच्या दुकानात आम्ही शेजारी बसायचो. मी वाइंडिंग भरायचो, ते विहिरीवरच्या स्टार्टरच्या पत्र्याच्या पेट्या बघायचे. पातळ पत्र्यात स्क्रूला धरायला जागा ती केवढी! फ्यूज घालायला पेटी सारखी उघडायची, घाईत स्क्रू वाकडा पिळायचा आणि मग भोक नुसतं गुळगुळीत. त्यावर लोकांचा इलाज ठरलेला, स्क्रूला चिंधी गुंडाळायची आणि ठोकून बसवायचा. तात्या ती चिंधी चिमट्यानं ओढून माझ्यासमोर धरायचे. "बघ, पेटीला लुगडं नेसवलंय!"

वरकुट्याच्या एक मावशी अशीच पेटी घेऊन एसटीनं आल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, शेत त्याच बघायच्या. पेटीला हात लागून त्यांना शॉक बसला होता. तेव्हापासून मोटर बंद आणि ऊस वाळत चाललेला. "डोळ्यांदेखत ऊस जळतोय, पर हिला हात लावायचं धाडस व्हत न्हाय," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

तात्यांनी पेटी उघडली. चिंधी नेमकी अर्थिंगच्या स्क्रूला होती. स्क्रू घट्ट, पण चिंधीमुळं अर्थिंगची तार पत्र्याला लागतच नव्हती. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. पत्र्याच्या मागं नट ठेवून पितळेनं जोडला, तिथला रंग खरवडला, आत पत्र्याला टेकलेली जळकी वायरही बदलली. मग मला म्हणाले, "पेटी झाली. आक्काचं भ्या ऱ्हायलंय. चल."

विहिरीवर पेटी बसवली, टेस्टर लावून पाहिला. मग तात्यांनी पेटीवर तळहात टेकवला. "दाबा बटण, आक्का. माजा हात हितंच हाय."

मावशी पुढं यायच्या, परत मागं सरायच्या. तात्या उन्हात तसेच उभे. म्हैस किती दूध देती, लेक कुठं दिली, असलं काहीबाही विचारत राहिले. बोलता बोलता मावशींनी बटण दाबलं. पाटात पाणी आलं आणि मलाच भरून आलं.

दोन-तीन वर्षांनी तात्या तापाचं निमित्त होऊन गेले. दुकानात त्यांच्या रिकाम्या जागेकडे मला बघवत नसे. पुढं कामानिमित्त वरकुट्याला गेलो, तेव्हा मावशींना तात्या गेल्याचं सांगितलं. त्या उसात दारं धरत होत्या, खोऱ्यानं एकेका सरीत पाणी वळवत होत्या. अर्धा ऊस अजून भिजायचा होता. त्यांनी हातातलं खोरं खाली ठेवलं, विहिरीवर गेल्या आणि मोटर बंद केली.

"अहो मावशी, लाइट जाईल की मग!"

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "घरातलं माणूस गेल्यावर कुणी दारं धरतं व्हय?"