दिगंबरपंतांचा नारळ

कुंडलिनीबद्दल काही विचारायचं असेल तर दिगंबरपंतांना विचारावं, असं बिबवेवाडीच्या साधना केंद्रात सगळे म्हणत. घरी जायची घाई असेल तर मात्र विचारू नये, असंही म्हणत. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा पंतांनी पन्नाशीतच स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कर्जखात्यावरचं सगळं लक्ष काढून पाठीच्या कण्यावर लावलं. भिंतीवर चक्रांचा तक्ता टांगायचा, सतरंज्या घालायच्या आणि हिंजवडीच्या कंपन्यांतून कंबरदुखी घेऊन येणाऱ्या पोरापोरींना समजावून सांगायचं, ही कामं त्यांचीच.

"हे बघा," पंत तक्त्यावर छडी टेकवत, "मूलाधारात ती वेटोळं घालून झोपलेली असते. डावीकडे इडा, उजवीकडे पिंगला. दोन्हीकडचा श्वास सारखा झाला की मधली सुषुम्ना उघडते आणि शक्ती वर चढायला लागते. मग अंग तापतं, कंप सुटतो, कधी मान आपोआप फिरते. हे झालं शरीराचं. मनाचं म्हणाल तर जुने राग, जुनी दुःखं वर येतात, रडू कोसळतं. ते वाहून गेलं की आत निवांत होतं."

"काका, तुम्हाला कसं वाटलं होतं?" तनया नावाच्या सॉफ्टवेअरवालीने एकदा विचारलं.

"प्रश्न शेवटी," पंत म्हणाले आणि शेवटी त्यांनी दिवे मालवले.

कारण पंतांना काही म्हणजे काहीच वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत आल्या त्या पायाला मुंग्या, त्याही मांडी घालून. केंद्राची रीत अशी, की गुरुवारच्या बैठकीनंतर प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा आणि ज्याची शक्ती जागी झाली असं केंद्रप्रमुख आप्पासाहेबांना वाटेल त्याला नारळ द्यायचा. तो नारळ पंत स्वतः मार्केट यार्डातून आणत, कानाशी हलवून, पाणी बघून. कोणालाच मिळाला नाही तर त्याची घरी चटणी होई. मिळाला तर पंत टाळ्या वाजवत.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई यांना यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पंतांनी घातलेल्या सतरंज्यांच्या घड्या घालायला कोणी थांबत नसे, म्हणून त्या येत. गुडघे दुखत, त्यामुळे मागे चपलांजवळ खुर्ची टाकून बसत. एका गुरुवारी डोळे मिटून जरा वेळ झाला असेल, त्यांची पाठ एकदम ताठ झाली. मान सावकाश फिरायला लागली, तळहात थरथरले, गालांवरून पाणी वाहिलं, आणि मग चेहऱ्यावर असं हसू आलं की तनया स्वतःचं ध्यान सोडून बघत बसली.

"काय झालं वहिनी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काय ठाऊक. कमरेतून ऊन ऊन काहीतरी वर आलं. आई गेली तेव्हा रडायचं राहून गेलं होतं ना, ते आत्ता रडले. आता हलकं वाटतंय." मग त्या संकोचल्या. "यांना विचारा. यांना सगळं माहीत असतं."

नारळ मंदाकिनीबाईंना मिळाला. पंतांनी टाळ्या वाजवल्या.

सरळच सांगायचं तर पंत जळले. शेजाऱ्याला बढती मिळाली तरी माणूस जळतो, पण शेजारी निदान रात्री आपल्या घरी झोपायला जातो. इथे पंतांचं दुःख समोर बसून मेथी निवडत होतं. निवडता निवडता बाईंचे डोळे मिटत आणि चेहऱ्यावर तेच हसू येई.

"दूध उतू जातंय!" पंत ओरडत. दूध फ्रिजमध्ये असे.

केंद्रातली पोरंही आता तक्त्याकडे पाठ करून चपलांजवळच्या खुर्चीकडे वळू लागली. ना वाचन, ना नियम, ना पथ्य, आणि हिची शक्ती कशी जागी होते? पंतांनी पुस्तकं चाळली. तयारीशिवाय असं होतच नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग हे काय? फिट येत असणार.

"मंदा, मला काळजी वाटते," असं म्हणून ते त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डोक्याला तारा लावून आलेख काढला. बाहेर बाकावर बसून पंत चक्क प्रार्थना करत होते, की काहीतरी निघू दे. मोठं नको, गोळ्यांनी बरं होण्यासारखं, पण निघू दे.

"सगळं नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले.

पंतांचा चेहरा पडला. मंदाकिनीबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या, आणि तीस वर्षं त्या हाच चेहरा वाचत आल्या होत्या. घरी कुकर लावता लावता म्हणाल्या, "गुरुवारी तुम्हीच जा. माझे गुडघे फार दुखतात."

पंतांना हायसं वाटलं.

गुरुवारी जो तो विचारायला लागला, "वहिनी कुठे?"

"तिची तब्येत बरी नसते हल्ली," पंत म्हणाले. कोणी खोदून विचारलं नव्हतं, तरी पुढे म्हणाले, "डोक्याच्या डॉक्टरांना दाखवलंय."

"काकूंना?" तनयाचा आवाज कापला. "अरे बापरे! मी भेटायला येऊ?"

पंतांनी घाईघाईने दिवे मालवले. डोळे मिटले, तर समोर चपलांजवळची रिकामी खुर्ची. पाठोपाठ दवाखान्यातला बाक. तिथे बसून आपण देवाकडे काय मागत होतो? कानशिलं तापली. छातीत गोळा आला, अंगाला कंप सुटला, आणि साठीला टेकलेला तो माणूस हमसून हमसून रडायला लागला. ती लाज होती, दुसरं काही नव्हतं.

"जागी झाली!" आप्पासाहेब ओरडले. "दिगंबरपंतांची शक्ती जागी झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तसं काही नाही, असं पंतांना सांगायचं होतं, पण नारळासाठी हात आधीच पुढे झाला होता.

घरी दार मंदाकिनीबाईंनी उघडलं. त्यांनी नारळ पाहिला, सुजलेले डोळे पाहिले.

"झालं? अहो, खरंच झालं?" त्यांनी नारळ घेऊन कपाळाला लावला. त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. "किती वाट पाहिलीत हो! बसा, शिरा करते."

पंत त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कुठेतरी जराशी असूया दिसेल, निदान एखादा टोमणा येईल, म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. काही नव्हतं.

शिऱ्याची बशी पुढे ठेवून बाई समोर बसल्या. पंतांनी चमचा उचलला आणि परत ठेवला.

"अहो," पदराच्या टोकाशी चाळा करत त्यांनी हळूच विचारलं, "मग आता पुढच्या गुरुवारी मी आले तर चालेल ना?"