एअरिंग कपबोर्डातली राखीव डिव्हिजन

आमच्या लीड्सच्या घरात फ्रिजवर एक यादी असते आणि घर त्या यादीप्रमाणे चालतं. मी हॉस्पिटलात ऑपरेशनांची वेळापत्रकं लावते, तेव्हा घरचं वेळापत्रक मला जड नाही. गेल्या वसंतात त्या यादीवर शनिवारपुढे लिहिलं होतं: ‘बाबांचं भाषण, दुपारी दोन. माणसं नऊ. खुर्च्या सहा.’ त्याखाली: ‘शेजारून तीन खुर्च्या.’

बाबा म्हणजे माझे सासरे. रेल्वेच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झाले आणि पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या कार बूट सेलमध्ये त्यांना एक जुनं फोटोकार्ड मिळालं. पहिल्या महायुद्धातले दहा-बारा जर्मन सैनिक, हातात डबे घेऊन उभे. टोपीवरच्या कापडी खोळीवर एक आकडा आणि त्याच्या वर R. त्या R चा अर्थ राखीव, एवढं कळल्यापासून बाबा गेली अकरा वर्षं त्या एका राखीव पायदळ डिव्हिजनचा इतिहास लिहीत आहेत. लढाया त्यांना फारशा आवडत नाहीत. ही सगळी माणसं, घोडे आणि तोफा फ्रान्सच्या बाजूने रशियाच्या बाजूला आणि परत, आगगाडीने कशी नेली, हा त्यांचा विषय.

अकरा वर्षांत हा विषय कुणी दहा मिनिटांच्या पुढे ऐकला नव्हता. माझा नवरा सातव्या मिनिटाला फोन घेतो. माझा विक्रम नऊचा आहे. सासूबाई तर ऐकतच नाहीत. “तुमच्या जर्मनांना म्हणावं जरा सरका, मला पोळ्या लाटायच्यात,” एवढंच त्यांचं या संशोधनाशी नातं.

त्यामुळे आमच्या भागातल्या इतिहास मंडळाने बाबांना बोलायला बोलावलं, तेव्हा त्यांनी लगेच कोट ड्रायक्लीनला टाकला. नऊ माणसं आपणहून ऐकायला येणार होती. मंगळवारी दोघांचं पुण्याचं विमान होतं, म्हणजे शनिवार चुकला तर चुकलाच. मंडळाच्या नेहमीच्या जागेतला खोली तापवणारा बॉयलर बंद पडला, म्हणून मी आमची डायनिंग रूम देऊ केली. इथपर्यंत सगळं यादीप्रमाणे चाललं होतं.

बाबांना नुसतं बोलायचं नव्हतं, दाखवायचं होतं. वॉलपेपरखाली लावतात त्या कागदावर त्यांनी युरोप काढला. रूळ लोकरीचे. डिव्हिजनमधल्या चार रेजिमेंटना चार वाट्या: मटकी, मूग, चवळी, मसूर. तोफखान्याला काबुली चणे, तेही अर्धीच वाटी, कारण राखीव डिव्हिजनला सुरुवातीला तोफा निम्म्याच मिळायच्या. हे सांगताना बाबा अजूनही थोडे दुखावतात.

गुरुवारी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. मला टेबल पुसायचं होतं, म्हणून मी पाचही वाट्या उचलून ओट्यावर ठेवल्या आणि खुर्च्या आणायला शेजारी गेले.

आता आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. वाटीत काढून ओट्यावर ठेवलेलं कडधान्य म्हणजे भिजत घालायचं. ज्याला दिसेल त्याने घालायचं, विचारत बसायचं नाही. हा नियम मीच केलेला आहे. त्याआधी एकदा मी चवळी भिजवली, सासूबाईंनीही भिजवली, आणि आम्ही चार दिवस चवळी खाल्ली.

शनिवारी सकाळी दहा वाजता बाबा कोट घालून खाली आले.

“अगं, माझ्या रेजिमेंटी कुठायत?”

“काय?” सासूबाई कांदा चिरत होत्या.

“मटकी. मूग.”

“छान मोड आलेत,” सासूबाई म्हणाल्या. “या देशात आलेत असं वाटणार नाही.”

बाबा जिना चढून एअरिंग कपबोर्डापाशी, म्हणजे टॉवेल-चादरी उबदार ठेवायच्या कपाटापाशी, गेले. मी मागोमाग गेले. गरम पाण्याच्या टाकीला टेकून, टॉवेलांच्या खाली, पंच्याच्या गाठोड्यात अख्खी डिव्हिजन होती. ओली, उबदार, आणि चांगला अर्धा इंच वाढलेली.

“चारही एकत्र?” बाबांनी खाली येऊन विचारलं.

“पाचही. मिसळच करायची ना नऊ जणांची? मला वाटलं, हिने अंदाज अगदी बरोबर घेतलाय.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. चूक माझी होती आणि नियमही माझाच.

“फोन कर त्यांना,” बाबा म्हणाले. “भाषण रद्द.” आणि ते कोटासकट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले.

मी कामाला लागले. दुसरी कडधान्यं? नव्हती. मंगळवारी निघायचं म्हणून सासूबाईंनी महिनाभर डबे संपवत आणले होते. बटणं? सगळी पांढरी. मग मी कपाटातून पास्त्याची चार पाकिटं काढली, चार आकारांची.

बाबांनी पास्त्याकडे बराच वेळ पाहिलं. “इटली विरुद्ध बाजूला होती,” ते म्हणाले.

शेवटी आम्ही तिघं ताटं घेऊन निवडायला बसलो. चवळी ओळखू येत होती. मुगाचे आणि मटकीचे मोड एकमेकांत अडकले होते आणि मसुराची सालं कुठल्याही रेजिमेंटला चिकटत होती. वीस मिनिटांनी बाबांनी एक दाणा चष्म्याजवळ धरला.

“हा कुठला, सांगता येत नाही.”

“दोन्ही सारखेच लागतात,” सासूबाई म्हणाल्या.

“तसं नाही. युद्धाच्या शेवटी यांचं असंच झालं होतं. एका जिल्ह्याची माणसं कमी झाली की दुसऱ्या जिल्ह्याची भरायची. शेवटी कोण कुठला, कुणालाच सांगता येईना.” त्यांनी दाणा ताटात ठेवला. “पण हा झाला शेवट. सुरुवातीला मला ते सुके पाहिजेत.”

“सुरुवातीला डब्यात होते ना? मग डबे दाखवा.”

बाबांनी बायकोकडे असं पाहिलं, की मी उगीचच खुर्च्या मोजायला गेले.

दोन वाजता नऊ माणसं आली. टेबलावर युरोप, युरोपच्या कडेला पाच रिकामे डबे, मधोमध गाठोडं. बाबा इंग्रजीत म्हणाले, “राखीव सैनिक म्हणजे डब्यात ठेवलेली माणसं. सैन्यातली नोकरी संपवून घरी गेलेली. शिक्षक, पाववाले, कारकून. आता आपली कुणाला गरज नाही, असं त्यांना वाटत असतं. मग एक दिवस कुणीतरी त्यांना विचारल्याशिवाय भिजत घालतं.” आणि त्यांनी गाठ सोडली.

मंडळाचे अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं आणि खुर्ची पुढे ओढली. बाबा चमच्याने डिव्हिजन उचलून लोकरीच्या रुळांवरून पूर्वेला नेत होते. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मिसळीचा माल सांडू नये म्हणून सासूबाई दारात उभ्या होत्या. चाळिसाव्या मिनिटाला त्या स्वयंपाकघरातलं स्टूल आणून बसल्या.

प्रश्न विचारायची वेळ आली. पहिला हात सासूबाईंचा होता. प्रश्न मराठीत, भाषांतर मी केलं.

“एवढ्या माणसांना गाडीत जेवायला कोण घालत होतं?”

बाबांनी वही उघडली, मिटली. “ते मला माहीत नाही,” म्हणाले. त्यांच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावरून त्याही.

हेडमास्तरांनी फोटोकार्ड हातात घेतलं. “मागे चाकांवर आहे ती भटारखान्याची गाडी दिसते,” ते म्हणाले.

बाबांनी कार्ड जवळ घेतलं. अकरा वर्षं ते टोपीवरचा आकडा पाहत होते.

“तो स्वयंपाकाचा टोप आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मला पहिल्या दिवसापासून दिसतोय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

त्यानंतर डिव्हिजनला फोडणी पडली. मिसळ मी मुद्दाम कमी तिखट करायला सांगितली होती, तरी दोघा पाहुण्यांना कोट काढावे लागले. हेडमास्तरांनी परत वाटी पुढे केली आणि तोफखाना जरा जास्त घालायला सांगितला. निघताना म्हणाले, पुढच्या वसंतात परत या, आणि या वेळी जेवणाच्या गाडीबद्दल बोला.

“तो विषय हिचा,” बाबा म्हणाले आणि सासूबाईंकडे बोट दाखवलं.

मी लगेच फ्रिजवरची यादी काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. सासूबाईंनी पेन माझ्या हातातून घेतलं.

“तू नको लिहू,” त्या म्हणाल्या. “तू वाट्या हलवतेस.”