भात्यावरचे पाय

आमच्या घरात अंगाईआधी पत्रकं आली. बाबा खाणविरोधी आंदोलनात होते. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. कुणापुढे वाकायचं नाही, हे मी तिथेच शिकले. बाकीचं मामाने शिकवलं, आणि त्याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे.

मामा दशावतारात पायपेटी वाजवायचा. भाता पायांनी चालतो, म्हणून दोन्ही हात सुरांना मोकळे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रंगमंचावरचा राजा पुढे काय बोलेल हे खुद्द राजालाही ठाऊक नसतं. तो कधी गायला लागेल हे मात्र मामाला आधी कळायचं.

मग मामा आंब्यावरून पडला. हात शाबूत राहिले, पायांतलं बळ गेलं. काठी घेऊन तो ओटीपर्यंत यायचा, पण भाता काही दाबता येईना. जत्रा जवळ आली तसे दशावतार कंपनीचे मालक मामाच्या घरी आले; मीही तिथेच होते. कीबोर्ड आणू, पायांचं कामच नाही, असं प्रेमाने म्हणाले. मामाने नकार दिला. बटण दाबल्यावर रडतं ते रडणं खरं कसं, असं त्याचं म्हणणं. मालक गेल्यावर तो पेटीवर चादर घालून बसला. ती चादर आता कायमची, हे मामीला कळलं होतं. मलाही.

मी म्हटलं, भाता मी मारते, तू वाजव.

"दुसऱ्याच्या वाऱ्यार माझो सूर कसो लागतलो गो?" तो म्हणाला.

वादात हरायची मला सवय नाही. मी त्याला पेटीची कुळकथाच ऐकवली. ही पेटी मुळात युरोपची. पायांनी वारा भरायचे ऑर्गन तिकडे घराघरांत आणि चर्चमध्ये वाजायचे. जहाजांतून ते इकडे आले, संगीत नाटकवाल्यांनी त्यांना रंगमंचासमोर बसवलं, मग आमच्या दशावताराने पायपेटीला देवळाच्या अंगणात आणलं. परकी म्हणून रेडिओने एके काळी पेटीला दार बंद केलं, पण जत्रेने कधीच केलं नाही. आणि त्या चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनला तर मागे वेगळी माणसं भाता मारत असायची. वाजवणाऱ्याचं नाव झालं, वारा भरणाऱ्याचं कुणी विचारलंसुद्धा नाही. हा अन्याय आहे, असं मी बोलता बोलता ठणकावलं.

पडल्यापासून मामा पहिल्यांदाच हसला. "मगे तुझा नाव तरी कोण घेतलो?"

"तू घे," मी म्हटलं. त्याने चादर काढली.

दुपारी सराव सुरू झाला. मी बाकावर त्याच्या शेजारी, पाय खाली भात्याच्या फळ्यांवर. सूर यायचा, पण धक्के खात. मी मोर्च्यात वाढलेली. पाय आपोआप घोषणेच्या ठेक्यात पडायचे, आणि दर ठेक्याला सूर फुगायचा, मग बसायचा.

"पाय तालात मारू नको. हो मोर्चो न्हय. वारो दी."

हे मला कुठल्याच पत्रकात भेटलं नव्हतं. ताल मृदंगाचा, गाणं राजाचं. माझ्या पायांनी फक्त भाता रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि आपण आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही. आठवडाभर मामी घावणे भाजता भाजता हसत होती. मग एका दुपारी तिचं हसू थांबलं, आणि ती उलथनं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. तेव्हा कळलं, जमलं.

जत्रेत आम्हाला बाकासकट बाजूला बसवलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, पेटीवाले दोन कशाला?

सुरुवात करण्याआधी वाजवणारा पेटीला नमस्कार करतो, आधी पट्ट्यांना, मग खाली भात्याला. मामाने वरचा नमस्कार केला आणि बाकाला धरून हळूहळू वाकला. माझे पाय तिथे होते. मी ते घाईने मागे घ्यायला लागले.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला. "भातो थंयच आसा."

त्याची बोटं माझ्या पावलांना लागली आणि कपाळाकडे गेली. मग त्याने पहिला सूर धरला. मी मान खाली घालून वारा देत राहिले.